मुळांखालचा पाषाण

पडक्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवला की घरधन्याच्या पोटात गोळा येतो. पाखराच्या विष्ठेतून आलेले, मोहरीहूनही बारीक असे बी चुन्याच्या भेगेत रुजते. त्याचे मूळ दगडाच्या अंगावरून चाचपडत खाली उतरते. आणि एकदा का त्याला माती लागली की भिंत राहणार की झाड, एवढाच प्रश्न शिल्लक उरतो. सह्याद्रीतील किल्ल्यांच्या तटबंद्या पाहिलेल्या वाचकांस ह्याचा उत्तर अर्धा अधिक परिचित असावा. कंबोडियातील ता प्रोह्म ह्या बाराव्या शतकातील देवालयावर तर प्रचंड वृक्षांची मुळे अशी ओघळली आहेत की आता झाड काढले तर मंदिर पडेल आणि ठेवले तर तेही पडेल. ह्या शतकात त्या देवालयाच्या जतनाचे काम आपल्याच पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आले, तेव्हा दोघांनाही सांभाळण्याची अवघड कामगिरी त्या अभियंत्यांवर पडली.

आपण जे दिसताच उपटून टाकतो, तेच जपानी माळी मुद्दाम, स्वतःच्या हाताने आणि वर्षानुवर्षांच्या धीराने घडवून आणतो. पसरट कुंडीत एक खडबडीत पाषाण, त्याच्यावर बसलेले वीतदीड वीत उंचीचे झाड, आणि पाषाणाच्या खाचाखोचांतून उतरून खालच्या मातीत शिरलेली त्याची उघडी मुळे, अशा रचनेला ‘सेकिजोजू’ म्हणतात. शब्दशः अर्थ दगडावरचे झाड. बोन्साय ह्या कलेचा हा एक प्रकार. ह्याच्याशी साम्य असलेला ‘इशित्सुकी’ म्हणून दुसरा प्रकार आहे. त्यात झाड दगडाच्याच खळग्यात, तिथल्याच मूठभर मातीवर राहते. आपला विषय पहिल्या प्रकाराचा. त्यातले झाड दगडावर बसते खरे, पण जगते ते दगडाखालच्या मातीवर.

बोन्सायचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित माणूस हमखास एक आक्षेप घेतो : हा झाडाचा छळ नव्हे काय? वाढू पाहणाऱ्या जिवाचे हातपाय बांधायचे आणि त्याच्या खुरटेपणाला सौंदर्य म्हणायचे, ही कसली रसिकता? आक्षेप हलका नाही. मौजेची गोष्ट अशी की तो सर्वांत तीव्रपणे घेतला आहे तो ही कला जिथे जन्मली आणि वाढली त्या चीन-जपानातील माणसांनीच. म्हणून ह्या झाडांचा इतिहास पाहताना कौतुक करणाऱ्यांबरोबर त्या फिर्यादींचीही साक्ष काढली पाहिजे.

कलेचा उगम चीनमधला. शीआन शहराजवळ तांग राजघराण्यातील ली श्येन ह्या राजपुत्राची कबर आहे. हा इसवी सन ६८४ मध्ये मेला आणि ७०६ मध्ये त्याला सन्मानाने पुन्हा पुरण्यात आले. १९७१-७२ च्या सुमारास कबर उघडली तेव्हा भिंतींवर सेवकांची चित्रे दिसली. त्यांतील एकाच्या हाती तबक असून तबकात लहान दगड आणि इवली रोपे मांडलेली आहेत. म्हणजे तेराशे वर्षांमागेही झाड आणि दगड ही जोडी तबकात एकत्र होती. चिनी लोक ह्या कलेला ‘पेन्जिंग’ म्हणतात. त्याचा अर्थच तबकातला देखावा असा. नुसते झाड त्यांना पुरत नाही. त्याच्या पायाशी डोंगर हवा.

हा हट्ट आला कोठून, हे आन्ह्वी प्रांतातील ह्वांगशान पर्वताचे एखादे छायाचित्र पाहिले तरी ध्यानात येते. ग्रॅनाइटचे उभे कडे, आणि जिथे गवताची काडी टिकेल असे वाटत नाही तिथे कड्याला बिलगून वाढलेले पाइन. वाऱ्याने त्यांचे शेंडे सपाट केलेले, फांद्या एका अंगाला ओढलेल्या, मुळे भेगांत घुसलेली. ते कोणी बांधले नाहीत, कोणी छाटले नाहीत. चिनी चित्रकार शतकानुशतके अशाच झाडांवर जीव टाकत आले. १६७९ मध्ये छापलेल्या ‘मोहरीच्या बागेची चित्रपोथी’ ह्या चित्रकलेच्या प्रसिद्ध क्रमिक ग्रंथात उघड्या मुळांचे झाड कसे काढावे ह्याचा स्वतंत्र धडा आहे. दगडावर मुळे पसरवणारा माळी आणि हा धडा गिरवणारा चित्रकार हे एकाच शाळेचे विद्यार्थी म्हणावेत.

जपानात ही आवड गेली ती बौद्ध भिक्षूंच्या आणि चिनी विद्येच्या वाटेने. १३०९ सालच्या ‘कासुगा गोंगेन गेन्की’ ह्या चित्रगुंडाळ्यांत एका श्रीमंताच्या अंगणात तबकात मांडलेली झाडे आणि दगड स्पष्ट दिसतात. पण त्याच शतकात पहिली फिर्यादही दाखल झाली. केन्को नावाच्या भिक्षूने आपल्या स्फुट लेखनात हिनो सुकेतोमो ह्या सरदाराची हकीकत दिली आहे. हा सरदार क्योतोच्या तोजी मंदिराच्या दरवाज्यात पावसासाठी थांबला असता तिथे जमलेले, हातापायांनी वेडेवाकडे झालेले भिकारी त्याने पाहिले. आरंभी त्याला त्यांच्या आकारांची गंमत वाटली. थोड्याच वेळात शिसारी आली. घरी येऊन पाहतो तो आपण हौसेने जमवलेली पिळवटलेली कुंडीतली झाडे! ह्यांची आवड आणि त्या दरवाज्यातली आपली गंमत ह्यांत फरक काय, असे वाटून त्याने ती सारी उपटून फेकून दिली. हाच सुकेतोमो पुढे कामाकुराच्या सत्तेविरुद्ध कट केल्याबद्दल सादो बेटावर हद्दपार झाला आणि १३३२ मध्ये तिथेच मारला गेला. माणूस मनाला पटले ते तडीस नेणाऱ्यांपैकी होता, एवढे खरे.

दुसरी साक्ष ‘हाचि नो कि’ ह्या नो नाटकाची. ‘कुंडीतली झाडे’ हा त्याच्या नावाचा अर्थ. जमीन गमावून दारिद्र्यात पडलेल्या एका सामुराईच्या झोपडीत बर्फाच्या रात्री एक प्रवासी भिक्षू येतो. सरपण नाही, तेव्हा सामुराई आपल्या वैभवाच्या काळातून उरलेली तीन जिवापाड झाडे, प्लम, चेरी आणि पाइन, तोडून शेकोटी पेटवतो. भिक्षू म्हणजे वेषांतर केलेला माजी राज्यप्रतिनिधी होजो तोकियोरी. पुढे तो ह्या सामुराईस तीन जहागिरी देतो, त्या तिन्हींच्या नावांत त्या तीन झाडांची नावे. ह्या कथेत झाड छळाचे साधन नाही; घरातले शेवटचे माणूस असावे तसे ते आहे. म्हणून तर ते तोडण्याला मोल आले.

मात्र सर्वांत जळजळीत फिर्याद आहे चीनमधली, आणि फिर्यादी आहे एक सरकारी नोकर. गोंग झीझेन हा पेकिंगच्या विधिमंत्रालयात कनिष्ठ अधिकारी होता. कर्तबगार माणसे त्या व्यवस्थेत कशी कुजतात हे त्याने आतून पाहिले होते. १८३९ मध्ये राजीनामा देऊन तो दक्षिणेला परतला आणि त्याच सुमारास त्याने आजारी प्लमवृक्षांवर एक छोटा निबंध लिहिला. रसिकांना वाकडी झाडे हवीत म्हणून विक्रेते सरळ फांद्या तोडतात, कोवळे कोंब मारतात. साऱ्या प्रांतातले प्लम त्यामुळे रोगट झाले आहेत. ह्याने अशा ३०० कुंड्या विकत घेतल्या. एकही झाड निरोगी नव्हते. तीन दिवस रडून त्याने कुंड्या फोडल्या, काथ्याची बंधने सोडली, झाडे जमिनीत लावली आणि ५ वर्षांत त्यांना बरे करण्याची प्रतिज्ञा केली. निबंध झाडांचा, पण रोख अर्थातच राज्यकर्त्यांवर. फायलींत आयुष्य गेलेल्या वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

आता एवढ्या साक्षी झाल्यावर निकाल काय द्यावा? माझे मत असे की गोंगची फिर्याद बाजारी मालाविरुद्ध संपूर्ण खरी आहे; दगडावरच्या झाडाला मात्र ती लागू पडत नाही. कारण इथे झाडाला जे करावयास लावायचे, ते करण्याची ताकद आधी त्याच्यात वाढवावी लागते. रोगट झाडाची मुळे दगड धरीत नाहीत. हे कसे, ते प्रत्यक्ष कृती पाहिली म्हणजे कळेल.

ह्या कामासाठी जपानात सर्वांत नावाजलेले झाड म्हणजे तीन टोकांच्या पानांचा मेपल. ते मूळचे जपानचे नव्हे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शोगुन योशिमुने ह्याच्या कारकिर्दीत ते चीनमधून आले. आज तीनशे वर्षे होत आली तरी तिथे त्याचे नाव ‘तोकाएदे’, म्हणजे चिनी मेपल, असेच आहे. (परप्रांतात दोन पिढ्या काढूनही शेजाऱ्यांच्या तोंडी ‘ते मराठी लोक’ राहिलेल्यांनी ह्यावर रागावू नये.) ह्या झाडाची मुळे लवकर जाड होतात, जखमा भराभर भरून येतात, आणि दोन मुळे एकमेकांना टेकली की ती कालांतराने एकजीव होतात. दगडावर मेण वितळून ओघळावे तसे ते दिसते.

प्रथम रोपाला दोनतीन वर्षे उंच, खोल भांड्यात वाढवतात. म्हणजे मुळे लांब होतात. दगड कठीण, खडबडीत आणि उभ्या खाचांचा लागतो. गुळगुळीत गोटा मुळांना धरू देत नाही आणि ठिसूळ दगड थंडीपाण्याने फुटतो. मग वसंताच्या तोंडावर, कळे फुटण्याआधी, रोप उपसून मुळे पाण्याने स्वच्छ धुतात. ती क्षणभरही सुकू द्यायची नाहीत. झाड दगडाच्या माथ्यावर घोड्यावर बसवावे तसे बसवून एकेक मूळ एकेका खाचेत खाली सोडतात, आणि राफिया नावाच्या ताडाच्या तंतूंनी किंवा सुतळीने सारे घट्ट बांधतात. खोडाच्या बुंध्याशी आणि दगडात फट राहिली तर पुढे कधीही भरत नाही; जाणकार पारखी आधी तिथेच पाहतात.

आणि त्यानंतर जे करावयाचे ते नवख्याला बुचकळ्यात टाकणारे असते. एवढ्या मेहनतीने बांधलेला दगड गळ्यापर्यंत मातीत पुरून टाकायचा! दगड दिसत नाही, मुळे दिसत नाहीत; दिसते फक्त कुंडीतले एक सामान्य रोपटे. त्याला भरपूर खत, भरपूर पाणी, भरपूर ऊन द्यायचे. वरच्या फांद्या मोकाट वाढू द्यायच्या, कारण मुळांना जाडी येते ती वरच्या पानांच्या जोरावर. ह्या काळात छाटणीची घाई करणाऱ्याच्या हाती बारीक दोऱ्यांसारखी मुळे येतात. एकदोन वर्षांनी वरची बोटभर माती काढायची. उघड्या पडलेल्या मुळांची साल हळूहळू राठ होऊन खोडासारखी बनते. पुढच्या वर्षी आणखी बोटभर. असे चारपाच वर्षांत पाषाण मातीतून वर येतो. एकदम सगळे उघडले तर कोवळी मुळे सुकून जातात. सुतळी तोवर बहुधा कुजलेली असते. नसेल तर ती मुळात रुतण्याआधी कापावी लागते.

ह्यापुढे झाड आणि दगड कधीच वेगळे होत नाहीत. दर दोनतीन वर्षांनी कुंडी बदलताना दोन्ही मिळून उचलली जातात, खालची मुळे कातरली जातात आणि नवी माती भरली जाते.

अशी झाडे एका माणसाच्या आयुष्यात पुरी होत नाहीत. त्यांना एका हातातून दुसऱ्या हातात जावे लागते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर चार्ज द्यावा-घ्यावा लागतो. तोक्योतील बोन्सायकारांवर ती वेळ १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर आली. शहर जळाले, पूर्वीच्या जागी स्वच्छ हवा-पाणी राहिले नाही. तेव्हा त्यांतील काही जण उत्तरेकडील ओमियाच्या माळावर गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी तिथे बोन्सायचे गावच वसवले. गावाने पुढे आपले नियम ठरवले : येथे राहणाऱ्याकडे निदान १० झाडे असावीत, घर दुमजली बांधू नये, भिंतीऐवजी कुंपण झाडांचे असावे, आणि दार सर्वांना उघडे असावे. दुमजली घराची सावली शेजाऱ्याच्या झाडांवर पडते, हे त्यामागचे साधे कारण. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या नियमावल्या ह्याहून पुष्कळ लांब असतात.

दुसऱ्या महायुद्धात ही कला चैन ठरली. मजूर गेले, पाणी घालायला माणूस उरला नाही, रोपवाटिका ओस पडल्या. बोन्सायला सुट्टी चालत नाही. उन्हाळ्यातला एक कोरडा दिवस शंभर वर्षांचे झाड नेतो. ओमियातील क्यूझो मुराता ह्यांच्यासारख्या थोड्यांनी ते दिवस कसेबसे काढले. युद्ध संपल्यावर जेत्या सैन्यातील अमेरिकन अधिकारीच ही झाडे पाहायला येऊ लागले, आणि कला सातासमुद्रांपार गेली ती बव्हंशी त्यांच्या मार्फत. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने ५३ झाडे भेट दिली. त्यांतील एक श्वेत पाइन हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचा होता. अणुबाँब पडला तेव्हा तो स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, बागेच्या भिंतीआड होता आणि वाचला. देताना कुटुंबाने ह्याचा उच्चार केला नाही. २००१ मध्ये देणाऱ्याचे नातू वॉशिंग्टनला ते झाड पाहायला गेले, तेव्हा सांभाळणाऱ्यांना ही गोष्ट कळली.

आपल्या मैदानी हवेत मेपल जगत नाही. पण त्याची खंत करण्याचे कारण नाही, कारण दगड धरण्यात वड, पिंपळ आणि फायकस ह्यांची बरोबरी करणारे झाड जगात विरळा. ज्या गुणापायी आपण त्यांना भिंतीतून उपटतो तोच इथे कामी येतो. पावसाळ्याच्या आरंभी लावावे. आपल्या उष्ण हवेत मुळे मेपलपेक्षा लवकर धरतात, तरी पाषाण पुरा उघडा करण्यास तीनचार वर्षे द्यावीतच. दगड आपल्याकडचा काळा बेसाल्ट चालतो, मात्र खाचांचा निवडावा.

सरकारी वसाहतींतून राहणाऱ्यांपुढे एक अडचण येते. बदली साधारण तीनचार वर्षांनी होते आणि पुरलेला दगड मातीतून अर्धाच वर आलेला असतो. मालगाडीच्या सामानातून असे झाड धाडले तर मुळांची पकड हलते, आणि एकदा हललेले मूळ त्या जागी पुन्हा चिकटत नाही. ते क्वार्टरमध्ये येणाऱ्या पुढच्या बिऱ्हाडाकडे सोपवलेले बरे. सोपवताना कुंडीवर कागद चिकटवून त्यावर दोन गोष्टी मात्र लिहून ठेवाव्यात : आत दगड आहे, आणि वरची माती दर पावसाळ्यात बोटभरच काढावी.