सांभाळणं मोजायचं कसं?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं करणं म्हणजे नक्की काय काय करणं? अंघोळ घालणं, औषध देणं, रात्री तीनदा उठणं... हे मोजता येतं. पण रुसलेल्या सासूला न दुखावता गोळी घ्यायला लावणं, घाईतल्या डॉक्टरला "परत एकदा नीट सांगा" म्हणणं, पुण्याच्या दिराकडे पैसे मागणं, हे कुठल्या मापाने मोजायचं? मंडळी, या मोजमापाला चांगला साठ वर्षांचा इतिहास आहे. आणि धाराशिवला (२०२३ पर्यंतचं उस्मानाबाद) तो लावून बघितला की गंमतही कळते आणि पोटात गोळाही येतो.

सुरुवात इंग्लंडात. मनोरुग्णांना इस्पितळात न ठेवता घरी ठेवायचं तर घरच्यांवर किती भार पडतो, हे ग्रॅड आणि सेन्सबरी यांनी १९६३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. अमेरिकेत १९८० मध्ये झॅरिट आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या घरच्यांसाठी प्रश्नावली केली. पुढे तिचं २२ प्रश्नांचं रूप रूढ झालं. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. आपल्याकडे बंगळुरात पै आणि कपूर यांनी १९८१ मध्ये मनोरुग्णांच्या कुटुंबांसाठी मुलाखतीचा तक्ता बनवला. त्यात खर्च, रोजची कामं, विरंगुळा, घरातले संबंध, तब्येत असे कप्पे होते.

या सगळ्यात मोजला जात होता तो भार. कौशल्य मोजणाऱ्यांची वाट वेगळी होती. ऑक्सफर्डच्या मायकेल आर्गाइलने १९६० च्या दशकात सांगितलं, की लोकांशी वागणं हे गाडी चालवण्यासारखं कौशल्य आहे. समोर बघायचं, अंदाज घ्यायचा, हात थोडा वळवायचा, परत बघायचं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटतं, कारण हा सरळसरळ फीडबॅक लूप आहे! मग १९७३ मध्ये रॅथसची ३० प्रश्नांची ठामपणाची मोजपट्टी आली. आणि गेल्या दशकात ब्राझीलमधल्या संशोधकांनी दोन्ही वाटा जोडून वृद्ध नातेवाइकांना सांभाळणाऱ्यांच्या सामाजिक कौशल्यांची खास प्रश्नावली तयार केली.

इथपर्यंत ठीक. आता ही पट्टी घेऊन लोहारा तालुक्यात जाऊ. रॅथसच्या पट्टीत एक प्रश्न आहे: हॉटेलातलं जेवण मनासारखं नसेल तर तुम्ही वेटरकडे तक्रार करता का? जिने आयुष्यात हॉटेलात चहासुद्धा सांगितला नाही त्या सुनेला शून्य गुण. आता हीच सून नणंदेला फोनवर काय म्हणते बघा: "वन्सं, आत्याबाई तुमची लई आठवण काढू लागल्यात." यात 'मी दमले' नाही, 'महिनाभर तुमच्याकडे न्या' तर नाहीच नाही. पण नणंदेला बरोब्बर कळतं. सासूचा मान राहिला, नणंदेचा राहिला आणि कामही झालं. ठामपणाच्या पट्टीवर हे नापास, आर्गाइलच्या व्याख्येत मात्र पैकीच्या पैकी. म्हणजे प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर करून भागणार नाही. 'स्पष्ट बोलता का?' यापेक्षा 'तुम्ही बोलल्यावर कुणी आलं का?' हे विचारावं लागेल.

पण खरी मेख पुढेच आहे. बोलायला समोर कुणी तरी असावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सास्तूरसारखी गावं कोसळली, हजारो माणसं गेली. नंतर दोन्ही जिल्ह्यांतली मिळून ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं देताना माप लावलं ते जमिनीचं: शेती किती, त्यावर २५०, ४०० की ७५० चौरस फूट. लोकांच्या मनावर काय परिणाम झाला तेही तपासलं गेलं. त्यासाठी पुण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेत वैद्यकीय संशोधन परिषदेचं केंद्र होतं. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती. अरुंद बोळातून हाक मारली की शेजारीण "जरा बघते गं म्हातारीकडं" म्हणत यायची. नव्या गावात रुंद रस्ते आणि सुटी सुटी घरं. हाकेचं अंतर किती वाढलं, हा रकाना घरवाटपाच्या मापात नव्हता.

दुसरी गोष्ट उसाची. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातली जोडपी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. म्हातारी माणसं गावात मागे राहतात. तिथे सुनेचं कौशल्य कितीही असो, सून शेकडो किलोमीटरवर फडात आहे!

२०१८ मध्ये केंद्र सरकारने हा जिल्हा 'आकांक्षित' म्हणून निवडला आणि त्याची प्रगती ४९ निर्देशकांवर मोजायला घेतली. बाळंतपण, कुपोषण, शाळा, सिंचन, बँक खाती, सगळं आहे. सगळं महत्त्वाचंच. म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मात्र त्यात एकही आकडा नाही.

म्हणूनच कौशल्याच्या पट्टीची मला थोडी भीती वाटते. कमी गुण आले की निष्कर्ष तयार: 'हिलाच जमत नाही, हिला प्रशिक्षण द्या.' चार दिवसांचं शिबिर, प्रमाणपत्र, फोटो, संपलं. सॉफ्टवेअरमध्येही हे चालतं म्हणा, सर्व्हरच बंद असतो आणि आपण क्लायंटचा कोड तपासत बसतो.

असो. झॅरिटच्या १९८० च्या त्या मूळ अभ्यासातला एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. सांभाळणाऱ्याला वाटणारा भार आजाराच्या त्रासदायक लक्षणांवर अवलंबून नव्हता. घरातली इतर माणसं त्या वृद्धाला किती वेळा भेटायला येतात, त्यावर होता. ८८ गुणांची पट्टी जगभर गेली. ही साधी गोष्ट तितकी गेली नाही. तेव्हा उद्या कुणी धाराशिवसाठी प्रश्नावली केलीच, तर पहिला प्रश्न हाच असावा: "या आठवड्यात म्हातारीला भेटायला कोण कोण येऊन गेलं?" उत्तर 'कुणीच नाही' असेल, तर गुण सुनेचे कापू नका.