विषाणुवहन क्षमता, डासांची
संसर्गित रक्त शोषल्यावर त्यातील विषाणू शरीरात वाढवून दंशावाटे दुसऱ्या प्राण्यात सोडण्याची डासाच्या जातीची जैविक क्षमता. विषाणूला डासाच्या जठराची भिंत ओलांडून लालाग्रंथी गाठावी लागते. हा प्रवास काही जातींत मध्येच थांबतो. त्यामुळे डेंग्यू, झिका व चिकुनगुनिया प्रामुख्याने एडिस इजिप्ती पसरवतो, तर वेस्ट नाईल व जपानी मेंदुज्वर क्युलेक्स (पहा : क्युलेक्स).

तापमान निर्णायक असते. डेंग्यूचा विषाणू डासात संक्रमणक्षम होण्यास ३०° से.ला सुमारे ७, तर २५° से.ला सुमारे १५ दिवस लागतात. डासाचे अल्प आयुष्य पाहता हा फरक मोठा आहे. तरीही थंड हवामान पुरेसे संरक्षण देत नाही. एडिस आल्बोपिक्टसची समशीतोष्ण प्रदेशांतील अंडी सुप्तावस्थेत हिवाळा काढतात. २००७ मध्ये इटलीच्या राव्हेन्ना प्रांतात, भारतातून आलेल्या प्रवाशामार्फत पोहोचलेल्या चिकुनगुनियाची साथ याच जातीने पसरवली. विषाणूतील एका जनुकीय बदलाने तिची वहनक्षमता वाढली होती (पहा : उत्परिवर्तन).

महाराष्ट्रात १९७३ मध्ये बार्शी येथे चिकुनगुनियाची साथ आली होती. राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (स्थापना १९५२) केले. शेजारच्या भोर तालुक्यातील, पुणे-सातारा महामार्गावरील किकवीसारख्या गावांत प्रवाशांची वर्दळ असल्याने व विषाणू प्रवाशांमार्फत पसरू शकत असल्याने बेलसरची नोंद महत्त्वाची ठरते. एडिसची पैदास घरातील साठवणीच्या स्वच्छ पाण्यात होते. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ (पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा दिवस) पाळणे आवश्यक असते.