विजयदुर्ग ते हुगळी

१७४२ साली मराठी घोडदळाच्या भयाने कलकत्त्याभोवती खंदक खणावयास घेतला. तो पुरा झालाच नाही. खरा निकाल पाण्यावर लागावयाचा होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गी तुळाजी आंग्र्याचे आरमार जाळले, तेही नानासाहेब पेशव्यांच्या साहाय्याने! इ. स. पूर्व ४०५ मध्ये अथेन्सने आरमार गमावले, ते निदान शत्रूच्या हातून. तुळाजी पेशव्यांस जुमानीत नसे हे खरे. परंतु सरदारास वठणीवर आणण्यासाठी समुद्रच परक्याच्या स्वाधीन करणे, यास मुत्सद्देगिरी म्हणवत नाही. ऑक्टोबरात बाणकोटच्या बदल्यात इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांस दिला. त्याच महिन्यात वॉटसनची जहाजे मद्रासहून निघाली, आणि २ जानेवारी १७५७ रोजी सिराजउद्दौल्याकडून कलकत्ता इंग्रजांनी परत घेतले.