विलायती नव्हे, आपलाच माठ

शेंड्याची पानं लालभडक, मधली पिवळी अन् बुडाची हिरवी, असं झाड तुम्ही बागेत पाहिलं असेल. विलायती समजून लोक बियांच्या पुडीला पैसे मोजतात. अहो, हा तर भाजीचाच माठ, जात एकच! मूळ आपल्या आशियातलं. चिनी लोकांनी त्याला नावच दिलं ‘रानहंस आले की लाल होणारा’, कारण शरदात हंस उतरतात तेव्हाच शेंडा रंगतो. युरोपात तो बागेत शिरला पानांच्या शोभेसाठी. १५९७ साली जॉन जेरार्ड या इंग्रजाने आपल्या वनस्पतिग्रंथात त्याचं तोंडभरून कौतुक केलं. १७५३ मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव दिलं अमरँथस ट्रायकलर, म्हणजे तिरंगी माठ.

भाजीच्या माठाला आपण शेणखत, युरिया देतो. इथं हात आखडता घ्या; फार कसदार जमिनीत पानं माजतात, रंग फिका पडतो. निचऱ्याची जमीन आणि दिवसभर ऊन पाहिजे. घरचं बी धरणार असाल, तर भाजीचा माठ जवळपास फुलू देऊ नका. परागकण वाऱ्यानं येतात, अन् पुढच्या वर्षी रंगांची भेसळ होते.