उताण्यांची शर्यत आणि पाण्याखालची चोरवाट

१९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या पोहण्याच्या शर्यती कुठल्याही बांधीव तलावात झाल्या नाहीत. त्या झाल्या सीन नदीत, प्रवाहाबरोबर. त्या ऑगस्टमध्ये नदीवर उताणं पोहण्याची २०० मीटरची शर्यत पहिल्यांदाच ठेवली होती. जर्मनीच्या अर्न्स्ट होपेनबर्गने ती २ मिनिटं ४७ सेकंदांत जिंकली. बॅकस्ट्रोकच्या कुठल्याही इतिहासात एवढं सापडतं. त्याच नदीत त्याच सुमारास दुसरीही एक शर्यत झाली, तिच्याकडे मात्र कोणी फारसं पाहत नाही: पाण्याखालून पोहण्याची. दर मीटरला दोन गुण आणि पाण्याखाली काढलेल्या दर सेकंदाला एक गुण. फ्रान्सचा शार्ल देव्हांदव्हील ६० मीटर गेला, ६८.४ सेकंद आत राहिला आणि १८८.४ गुणांनी पहिला आला. डेन्मार्कचा लिकेबर्ग तब्बल दीड मिनिट बुडी मारून होता, पण गोल गोल फिरत राहिल्याने २८.५ मीटरच गेला आणि तिसरा आला! वर उभ्या प्रेक्षकांना काही दिसत नाही, अशा खेळाचं पुढे काय व्हायचं? पुढच्या ऑलिम्पिकपासून तो बंद झाला.

बंद झाला तो कागदावर. माझं म्हणणं असं की ही बाद झालेली शर्यत ८८ वर्षांनी उताण्यांच्या शर्यतीत मागच्या दाराने शिरली, आणि आजचा बॅकस्ट्रोक या दोघींचं लेकरू आहे.

सर्वमान्य वंशावळ वेगळी आहे. तिच्यानुसार मूळपुरुष अमेरिकेचा हॅरी हेबनर. त्याच्या आधीचे पोहणारे दोन्ही हात एकदम मागे टाकत आणि पाय बेडकासारखे मारत. हेबनरने १९१२ साली स्टॉकहोमला क्रॉल उलटा करून दाखवला, एकामागून एक हात आणि पायांची फडफड, आणि १०० मीटर १:२१.२ मध्ये जिंकली. हे खरंच आहे, पण हेबनरला असं करता आलं ते कशामुळे? नियमामुळे. बॅकस्ट्रोकचा नियम हात कसे मारायचे ते सांगतच नाही. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय यांत हातापायांची प्रत्येक हालचाल बांधून दिलेली आहे. इथे अट एकच: पाठ खाली, छाती वर. आजही कोणी दोन्ही हात एकदम टाकून होपेनबर्गच्या काळासारखा पोहला तर पंच त्याला बाद करू शकत नाही, फार तर हसेल. म्हणजे ही पोहण्याची पद्धत नाही, निजण्याची अट आहे. आणि जिथे अट एवढी ढिली, तिथे हुशार माणूस पळवाट काढणारच.

ही निजण्याची अट आली कुठून? एक मत असं की बुडणाऱ्याला ओढून आणणाऱ्या जीवरक्षकांकडून. मला ते पटत नाही. इंग्लंडमधली जीवरक्षकांची संस्था १८९१ ची. केंब्रिजच्या एव्हरार्ड डिग्बीने लॅटिनमध्ये पोहण्यावरचं सचित्र पुस्तक काढलं ते १५८७ साली. त्यात उताणं पोहणं आहे, आणि ही कला फक्त माणसाला साधते, इतर प्राण्यांना नाही, असा अभिमानही आहे. शिवाय जीवरक्षकाचे हात बुडणाऱ्यात गुंतलेले असतात, तर ही शर्यत हातांवर चालते.

दुसरं मत आपल्याकडच्या अभिमानी मंडळींचं. हठयोगप्रदीपिकेत आठ कुंभकांपैकी शेवटचा प्लाविनी आहे: पोटात भरपूर वारा भरला की साधक खोल पाण्यावरही कमळाच्या पानासारखा तरंगतो. वर्णन मोहक आहे, पण त्यात तरंगणं आहे, सरकणं नाही. शिवाय अर्धी अडचण त्यात आलेलीच नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यात कोहळ्यांनी बांधलेले मालगुजारी तलाव गावोगाव आहेत. नवेगावबांधला किंवा कुठल्याही तलावाच्या पाळीवरून पाहा: पोरगं छाती फुगवून उताणं पडतं, छाती वर राहते आणि पाय हळूहळू खाली जातात, कारण हवा छातीत असते, मांड्यांत नाही. मग ते कमरेशी तळवे वल्ह्यासारखे हलवतं आणि पाय आपटतं. या धडपडीतच उताणं पोहणं जन्मतं. त्याला ना योगी लागतो, ना इंग्रज. पॅरिसवाल्यांनी हा पोराटकीचा खेळ शर्यतींत का घेतला? त्या वर्षी त्यांनी खांबावर चढून आणि होड्यांखालून जाण्याची अडथळ्यांची शर्यतही ठेवली होती. मला वाटतं, उताणी शर्यत याच जत्रेच्या मनःस्थितीतून आली.

आता चोरवाट. बाकीचे पोहणारे ओट्यावरून सूर मारतात. बॅकस्ट्रोकवाला पाण्यातच, कठड्याला धरून, भिंतीला पाय रोवून लटकतो. त्याला सुराचा वेग मिळत नाही, भिंतीला दिलेली लाथच काय ती त्याची कमाई. पृष्ठभागावर आला की स्वतःच उठवलेल्या लाटा त्याला अडवतात. अर्धा-एक मीटर खाली हा अडथळा खूपच कमी होतो. मग वर यायचंच कशाला? अमेरिकेच्या जेसी वासालोने हे आधी ओळखलं होतं. हार्वर्डच्या डेव्हिड बर्कॉफने ते टोकाला नेलं: तळहातावर तळहात, दंड कानांमागे आवळलेले, आणि दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे. असा तो सुमारे ३५ मीटर पाण्याखालून जाई. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीत त्याने ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम शर्यत मात्र जपानच्या दाइची सुझुकीने ५५.०५ मध्ये मारली. तोही पाण्याखालूनच गेला होता. बर्कॉफ ५५.१८, सोव्हिएत संघाचा पोल्यान्स्की ५५.२०.

देव्हांदव्हील आणि होपेनबर्ग इथे एका अंगात आले, असं मी म्हणतो. यावर एक आक्षेप रास्त आहे: बर्कॉफने पॅरिसचं नावही ऐकलं नसेल. नसेलच. पण आयोजकांची गोची दोन्ही वेळी एकच होती, लोकांना दिसत नाही ती शर्यत कसली! १९०० नंतर अख्खी शर्यतच काढली, सोलनंतर लगोलग १० मीटरची मर्यादा घातली, आणि १९९१ मध्ये ती १५ मीटर केली. म्हणजे ज्या खेळाला हाकललं होतं, त्याला प्रत्येक भिंतीपाशी १५ मीटर जागा नियमानेच मोजून दिली. त्याच सुमारास वळताना हाताने भिंत शिवायची अटही गेली. भिंतीजवळ पालथं होऊन कोलांटी मारता येऊ लागली. उताण्यांच्या शर्यतीत आता पालथं होणंही चालतं!

पुढचं थोडक्यात. १०० मीटरचा विश्वविक्रम इटलीच्या थॉमस चेकोनने २०२२ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ५१.६० वर आणला. आपल्याकडे बंगळुरूच्या श्रीहरी नटराजने २०२१ मध्ये रोमला ५३.७७ ची वेळ देऊन ऑलिम्पिकची 'अ' पात्रता गाठली.

तलावांच्या जिल्ह्यातून बॅकस्ट्रोकवाले का निघत नाहीत, असं मला विचारतात. माझं उत्तर रुक्ष आहे: मालगुजारी तलावाला पाळ असते, भिंत नसते. मातीच्या उतारावर पाय रोवून लाथ मारली तर चिखल उडतो. आणि या शर्यतीत हेबनरनंतरची प्रत्येक मोठी उडी भिंतीनेच दिली आहे.