मैहरचा बँड आणि मे महिन्याची सुट्टी

1 मेचे संचलन झाले, निकाल लागला, की शाळेचा बँड कपाटात जातो. ढोल, साइड ड्रम, बिगूल, बासऱ्या यांची मोजदाद होते, कुलूप लागते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात पडते. ती निघते जूनच्या मध्याला किंवा त्याहूनही उशिरा. तोवर 15 ऑगस्ट जवळ आलेला असतो, आणि बँडमास्तर कपाळाला हात लावून म्हणतात, "पोरं सगळं विसरली!" विसरली, हे खरेच. पण ती विसरू नयेत म्हणून आपण काय केले? याचे उत्तर इतिहासात सापडते.

चला तर, सन 1918 मध्ये जाऊ. त्या वर्षी मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझाची साथ देशात शिरली. आपल्या खेड्यांतली जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. देशभर एक कोटीहून अधिक माणसे दगावली, आणि मागे उरली पोरकी मुले. विंध्याच्या बाजूला मैहर नावाचे छोटे संस्थान होते. तिथले महाराज ब्रिजनाथ सिंह यांच्या पदरी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ होते. पुढे सारा देश त्यांना 'बाबा' म्हणू लागला. बाबांनी ही पोरकी मुले गोळा केली आणि त्यांच्या हाती वाद्ये दिली. सतार, सरोद, व्हायोलिन, तबला अशी वाद्ये एकत्र वाजू लागली. बंदुकीच्या नळ्यांपासून बाबांनी 'नलतरंग' हे नवे वाद्यही बनवले. हाच तो प्रसिद्ध मैहर बँड.

आता पाहा, या मुलांना सुट्टीत जायला घर कुठे होते? गुरू हेच घर. बाबांचा स्वभाव कडक, चूक झाली की गय नाही. पण शिकवणारा माणूसच पालक होता. त्यामुळे पोर आज वाजवते की नाही, हे पाहणारे कोणीतरी रोज समोर होते.

खुद्द बाबा लहानपणी संगीताच्या वेडापायी घरातून पळून कलकत्त्याला गेले होते. तिथे ईडन गार्डन्सच्या बँडचे गोमंतकीय बँडमास्तर लोबो यांच्याकडे ते पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकले. म्हणजे मैहरच्या या कथेला आपल्या गोव्याचा धागा आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. शिकलेले लगेच उपयोगी पडे. गावचे फेस्त असो, लग्न असो, पोरे वाजवायला उभी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. पहिले धडे घरातच मिळाले. हेच अँथनी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गाजले, आणि प्यारेलाल व राहुल देव बर्मन यांचे शिक्षक झाले.

मैहर काय, गोवा काय, दोन्हीकडे वाद्य मुलाच्या हाती राहिले, जवळचे कोणी ऐकत राहिले आणि वाजवायला निमित्त मिळत राहिले. आपल्याकडे मे महिन्यात नेमके हेच तुटते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. सातवीत मी शाळेत बिगूल वाजवीत असे. बिगुलाला भोके नाहीत, कळा नाहीत. सारे स्वर ओठांच्या ताणावर आणि श्वासावर निघतात. सुट्टीभर मामाच्या गावी आंबे खाल्ले. शाळा उघडल्यावर बिगूल तोंडाला लावला, तर ओठ दोन मिनिटांत ढिले पडले. त्या 15 ऑगस्टला माझ्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला, आणि मी पुन्हा कधी बिगूल हाती घेतला नाही. वडिलांना मी बिगूल वाजवतो हे ठाऊक होते. पण तो घरीही वाजवायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

म्हणून गुरुजींना विनंती अशी, की यंदा कपाटाला कुलूप लावण्याआधी पालकांना बोलवा. नोंदवहीत सही घ्या आणि वाद्य घरी द्या. एखादा ढोल फुटेल, एखादी बासरी चिरेल, तेवढे सोसा. ज्याच्या घरी पैसा आहे, तो मुलाला वाद्य विकत घेऊन देईल. गरिबाच्या पोराला मात्र शाळेचे कपाट हाच एक आधार. साइड ड्रम देता येत नसेल, तर पाटावर गोणपाटाची घडी ठेवून दोन काठ्यांनी हात चालू ठेवता येतो. आठवड्यातून एकदा, ऊन कलल्यावर, गावात असतील तेवढ्या मुलांना पारावर जमवा. जत्रेत एखादी धून वाजवायला सांगा.

आणि आईबापहो, तुम्हाला स्वर कळले नाहीत तरी चालेल. पोर वाजवायला बसले, की "कटकट बंद कर" एवढे म्हणू नका. पंधरा मिनिटे जवळ बसा. सूर चुकेल, श्वास तुटेल, पण ते पुन्हा वाजवील. मैहरच्या त्या पोरक्या मुलांना ऐकणारे कोणी मिळाले. आपली मुले तर आईबापांच्या घरात आहेत.