एकट्याचा नकार : ख्रिस्ती परंपरा, युद्ध आणि माणसाच्या जिवाचे मोल

१/
९ ऑगस्ट १९४३. बर्लिनजवळच्या ब्रांडेनबुर्ग तुरुंगात दुपारी चारच्या सुमारास ३६ वर्षांच्या एका ऑस्ट्रियन शेतकऱ्याचा गिलोटिनखाली शिरच्छेद करण्यात आला. त्याने कोणाचा जीव घेतला नव्हता, कट रचला नव्हता, पत्रके वाटली नव्हती. हिटलरच्या सैन्यात शस्त्र धरून लढण्यास त्याने नकार दिला होता, एवढाच त्याचा अपराध. त्याचे नाव फ्रान्त्स येगरश्टेटर. त्याने विचारलेला प्रश्न मात्र सोळाशे वर्षांचा जुना होता. त्या प्रश्नाचा हा धागा.

२/
प्रश्न असा : राजा अन्यायाचे युद्ध करीत असेल, तर साध्या शिपायाने काय करावे? त्याच्या हातून जो माणूस मरेल, त्याचे पाप कोणाच्या माथी? आज्ञा देणाऱ्याच्या, की घाव घालणाऱ्याच्या? प्रत्येक मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेत घडलेला आहे असे मानणाऱ्या धर्माला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. तरीही दीर्घ काळ त्याचे उत्तर शिपायाला सोडून इतर सर्वांना विचारले गेले.

३/
आरंभ उत्तर आफ्रिकेत. इ.स. २९५, आजच्या अल्जीरियातील तेबेसा हे गाव. मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाला रोमन सैन्यात भरतीसाठी आणले गेले. तो एका निवृत्त सैनिकाचा मुलगा. आपण ख्रिस्ती आहोत, सैनिकी करणार नाही, असे त्याने सांगितले. रोमन अधिकाऱ्याने बिनतोड वाटावा असा मुद्दा काढला : सम्राटाच्या पदरी कितीतरी ख्रिस्ती सैनिक आहेतच की! त्यांचे योग्यायोग्य ते जाणतात, मी माझे जाणतो, अशा आशयाचे उत्तर तरुणाने दिले. त्याच दिवशी त्याचा वध झाला.

४/
या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. त्या काळीही ख्रिस्ती समाज या प्रश्नावर एकमताचा नव्हता. तेर्तुलियन आणि ओरिजेन यांच्यासारखे लेखक सैनिकी पेशाच्या विरोधात लिहीत होते, आणि त्याच वेळी ख्रिस्ती माणसे छावण्यांत पगार घेत होती. पुढे चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने या धर्माला आश्रय दिला आणि चित्र पालटले. कालपर्यंत छळ सोसणाऱ्यांवर आता साम्राज्याच्या सीमा राखण्याची जबाबदारी आली.

५/
ही नवी अडचण सर्वांत खोलवर जाणली ती हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने. युद्ध हे दुःखच आहे, ते आनंदाने करणारा माणूस माणुसकी हरवून बसला आहे, असे त्याचे मत. परंतु दुर्बळ शेजाऱ्यावर घाला पडत असताना हात बांधून उभे राहणे, हेही प्रेमाचे लक्षण नव्हे. यातून ‘न्याय्य युद्धा’ची कल्पना वाढीस लागली. मात्र ऑगस्टीनने आणखी एक विधान केले : राजाची आज्ञा अन्यायाची असली, तरी ती पाळणारा शिपाई निर्दोष असू शकतो. या विधानाची सावली फार लांबवर पडली.

६/
तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने न्याय्य युद्धाच्या तीन अटी मांडल्या : युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत असावी, कारण न्याय्य असावे, हेतू शुद्ध असावा. अटी चोख होत्या. पण त्या तपासायच्या कोणी? अर्थात राजाने आणि त्याच्या सल्लागारांनी. नांगर सोडून भाला उचलणाऱ्या माणसाने त्या तपासाव्यात, अशी अपेक्षा व्यवहारात कोणी ठेवली नाही.

७/
हे दार किलकिले केले ते स्पेनमधील सालामांका विद्यापीठाच्या फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने. अमेरिका खंडात स्पेनने चालविलेल्या विजयमोहिमांच्या पार्श्वभूमीवर १५३९ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्याने सांगितले की, युद्ध अन्यायाचे आहे अशी शिपायाची खात्री झाली, तर राजाज्ञा असूनही त्याने लढू नये. पण लगेच पुढची पायरी : शंकाच असेल, तर राजाचे ऐकावे. आणि बहुतेकांच्या मनात बहुतेक वेळा शंकाच असते! सिद्धान्तात नकाराला जागा झाली. ती वापरणारा माणूस मात्र क्वचितच दिसला.

८/
आता ऑस्ट्रियात येऊ. बव्हेरियाच्या सीमेवर साल्झाख नदीकाठी सांक्ट राडेगुंड हे छोटे खेडे आहे. हिटलरचे जन्मगाव ब्राउनाउ तिथून फार दूर नाही. १९०७ मध्ये या खेड्यात फ्रान्त्सचा जन्म झाला. जन्मदाता पिता पहिल्या महायुद्धात कामी आला. तरुणपणी फ्रान्त्स चांगलाच उनाड होता, गावातली पहिली मोटारसायकल त्याचीच. १९३६ मध्ये फ्रान्त्सिस्काशी विवाह झाला आणि तिच्या सहवासात त्याची श्रद्धा गहिरी झाली. पुढे या दांपत्याला तीन मुली झाल्या.

९/
मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. १० एप्रिलला त्यावर सार्वमत घेण्यात आले. ऑस्ट्रियाच्या बिशपांनी श्रद्धाळूंना अनुकूल कौल देण्याचे आवाहन केले होते. सांक्ट राडेगुंडमध्ये विरोधी मत एकच पडले, फ्रान्त्सचे. गावच्या प्रमुखाने ते दडपले आणि गावाचा कौल शंभर टक्के अनुकूल असल्याचे वर कळविले. त्यामागे गावाला आणि कदाचित फ्रान्त्सलाही वाचविण्याचा विचार असेल. पण कागदावर तो नकार घडलाच नाही.

१०/
फ्रान्त्स जन्मजात शांततावादी होता, असे समजू नये. १९४० मध्ये बोलावणे आले तेव्हा तो गेला, शपथ घेतली, काही महिने लष्करी प्रशिक्षणही घेतले. त्याच सुमारास मनोरुग्णांची आणि अपंगांची सरकारी हत्या त्याच्या कानावर आली. लिंझजवळच्या हार्टहाइम गढीत १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात अशी सुमारे १८,००० माणसे विषारी वायूने मारली गेली. ‘जगण्यास अपात्र’ असा शिक्का मारून माणसे संपविणाऱ्या राज्यासाठी इतर देशांतली माणसे मारायची? शेतीच्या कामासाठी सुटून घरी परतल्यावर त्याने ठरविले : पुन्हा बोलावणे आले तर जायचे नाही.

११/
वहीत तो आपले विचार लिहून काढीत असे. शिक्षण गावच्या शाळेपुरते, पण तर्क धारदार. रशियावरची स्वारी साम्यवादाचा बीमोड करण्यासाठी आहे म्हणतात, मग तेथील तेलाच्या विहिरी, खनिजे आणि सुपीक जमीन यांची एवढी चर्चा कशासाठी, असे त्याने विचारले. व्हितोरियाचे नाव त्याने ऐकले असण्याचा संभव कमीच. तरीही जे काम सिद्धान्ताने राजाच्या सल्लागारांकडे सोपविले होते, ते हा माणूस गोठा आणि शेत सांभाळून स्वतः करीत होता.

१२/
सल्ला घेण्यासाठी तो लिंझचे बिशप योझेफ फ्लीसर यांना भेटला. बिशपांचे म्हणणे असे की, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरविण्याची जबाबदारी एका कुटुंबवत्सल बापावर नाही. त्याचे पहिले कर्तव्य घराप्रति. सोळाशे वर्षांची परंपराच जणू त्या खोलीत बोलत होती. बिशपांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्या धर्मप्रांतातील धर्मगुरू तेव्हा तुरुंगांत आणि छळछावण्यांत होते. समोरचा अनोळखी शेतकरी हेरही असू शकला असता, आणि त्यांच्या मनात हीच भीती असावी, असे फ्रान्त्सला भेटीनंतर वाटले.

१३/
शिवाय बिशपांचा मुद्दा हलका नव्हता. परक्या माणसांचे जीव न घेण्यासाठी फ्रान्त्स आपल्या मुलींचे पितृछत्र पणाला लावीत होता. हेही जिवाचेच मोल होते, आणि ते फ्रान्त्सिस्काने मोजायचे होते. तिने आधी त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. नंतर, आपणही पाठ फिरवली तर या माणसाला कोणीच उरणार नाही, हे ओळखून ती त्याच्या बाजूने उभी राहिली. बायकोमुले आहेत म्हणून अधर्म करण्याची मुभा मिळत नाही, असे फ्रान्त्सचे उत्तर होते. ते वाचताना आजही मनाला चटका बसतो.

१४/
मार्च १९४३ च्या आरंभी तो एन्सच्या छावणीत हजर झाला आणि नकार सांगितला. रुग्णसेवक म्हणून सेवा करण्याची तयारी त्याने दाखविली. ती मान्य झाली नाही. ६ जुलैला बर्लिनच्या सर्वोच्च लष्करी न्यायालयाने देहदंड ठोठावला. त्यानंतर पत्नी आणि गावचे धर्मगुरू त्याला भेटून आले. तो ढळला नाही. मृत्यूपूर्वी तुरुंगातील धर्मगुरूंकडून त्याला कळले की, फ्रान्त्स राइनिश नावाच्या एका धर्मगुरूने वर्षभरापूर्वी असाच नकार देऊन मरण पत्करले होते. आपण एकटे नव्हतो, हे त्याला तेव्हा प्रथम समजले.

१५/
युद्ध संपले, पण गावाने त्याला लगेच आपलेसे केले नाही. ज्या घरांतली मुले आघाडीवर पडली होती, त्यांना त्याचा नकार म्हणजे आपल्या मृतांचा अपमान वाटे. फ्रान्त्सिस्काला विधवा-निवृत्तिवेतन १९५० पर्यंत मिळाले नाही. १९४६ मध्ये त्याच्यावरचा लेख धर्मप्रांताच्या मासिकात छापू देण्यास फ्लीसर यांनी मनाई केली. कर्तव्य समजून लढले आणि पडले, ते तरुण आपल्याला अधिक थोर वाटतात, अशी त्यांची भूमिका होती.

१६/
ही गोष्ट जगापुढे आली ती गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञामुळे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्वतःही सदसद्विवेकाच्या कारणावरून लढण्यास नकार दिला होता. जर्मन कॅथलिकांनी हिटलरच्या युद्धांना दिलेल्या साथीचा अभ्यास करताना त्यांना फ्रान्त्सचा माग लागला. ते सांक्ट राडेगुंडला जाऊन राहिले, माणसांशी बोलले आणि १९६४ मध्ये त्यांनी फ्रान्त्सचे चरित्र प्रसिद्ध केले.

१७/
आणि इथे कथेला मुंबईचा धागा येऊन मिळतो. थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज येशूसंघीय १९३७ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. या पदावर भारतीय माणूस यावा म्हणून ते स्वतः बाजूला झाले आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप ठरले. पुढे अण्वस्त्रांच्या विरोधात ठामपणे बोलणाऱ्या रॉबर्ट्स यांनी १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे लेखी निवेदनातून येगरश्टेटरचे उदाहरण ठेवले. अशा माणसाला त्याच्या चर्चनेच एकटे पाडावे काय, हा त्यामागचा सवाल.

१८/
७ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेने आधुनिक जगाविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला. शांततेचे सर्व मार्ग संपल्यावर स्वसंरक्षण करण्याचा राष्ट्रांचा हक्क त्यात कायम आहे. पण सदसद्विवेकामुळे शस्त्र नाकारणाऱ्याने समाजाची अन्य सेवा पत्करली, तर कायद्याने त्याला माणुसकीने वागवावे, असेही त्यात म्हटले आहे. संपूर्ण शहरे सरसकट बेचिराख करणे हा ईश्वर आणि मानव यांच्याविरुद्धचा अपराध होय, असाही निर्वाळा त्यात आहे.

१९/
१९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्त्सची शिक्षा रद्दबातल ठरविली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझमध्ये त्याला ‘धन्य’ घोषित करण्यात आले. ज्या धर्मप्रांताने त्याच्यावरचा लेख छापला नव्हता, त्याच धर्मप्रांतात. सोहळ्याला ९४ वर्षांची फ्रान्त्सिस्का उपस्थित होती. २०१३ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, तिने जगाचा निरोप घेतला.

२०/
फ्रान्त्सच्या नकाराने युद्ध एक दिवसही लवकर संपले नाही, हे मान्य करायला हवे. ज्यांनी शस्त्रे घेऊन हिटलरला हरविले, त्यांच्यावाचून हार्टहाइमसारख्या गढ्यांचा काळ किती लांबला असता, हाही प्रश्न उरतोच. ऑगस्टीनची चिंता खोटी नव्हती. पण मारण्याचा हिशेब वरच्यावर सोपवून मोकळे होता येत नाही, हे तेबेसाच्या तरुणाने सांगितले होते आणि तेच एका शेतकऱ्याने पुन्हा सांगितले. ‘सगळेच तर जात आहेत’ हा युक्तिवाद दोघांनाही ऐकविला गेला होता.

वाचकहो, बिशप फ्लीसर यांच्या जागी आपण असतो, समोर तीन मुलींचा बाप बसला असता, तर आपण त्याला काय सांगितले असते? आपले मत अवश्य लिहा.